विहीर, दोर आणि इंटिग्रेशन

[दृश्य: सकाळ, तालुक्याचं एसटी स्टँड, बॅगा घेऊन उतरणारी पोरंपोरी]

यवतमाळ घ्या, वाशिम घ्या, बुलढाणा घ्या, कुठलाही तालुका. सकाळच्या गाडीनं जी पोरं कॉलेजात येतात त्यातली काही बीएस्सी फर्स्ट इयरची असतात, पीसीएम ग्रुपची, आणि पहिल्या महिन्यातच त्यांच्या तोंडून एक वाक्य हमखास निघतं, "सर, सूत्र पाठ आहे जी, पण समजून नाही राह्यलं."

न समजणारी गोष्ट फळ्यावर असते. एक्सिलरेशन बरोबर डीव्ही बाय डीटी, म्हणजे वेग किती झपाट्यानं बदलतो ते.

बारावीपर्यंत व्ही बरोबर यू प्लस एटी आणि त्याची दोन भावंडं, एवढ्यावर भागतं. आकडे टाका, उत्तर काढा, मार्क घ्या. आणि इथं आल्यावर कळतं की ती तिन्ही सूत्रं एक्सिलरेशन बदलत नसेल तेव्हाच चालतात. आता ज्या गाडीनं आपण आलो तीच बघा, तीस किलोमीटर एका तासात आली म्हणजे सरासरी वेग तीस, पण मधल्या सरळ रस्त्यावर एखाद्या क्षणी काटा साठवर होता आणि फाट्यावर गाडी थांबली तेव्हा शून्यावर, तर त्या एका क्षणाचा साठ काढायचा कसा, कारण एका क्षणात तर गाडी काहीच अंतर जात नाही. मग वेळ बारीक बारीक करत न्यायचा, त्या बारीक वेळात झालेलं बारीक अंतर घ्यायचं आणि भागायचं, आणि भागाकार ज्या आकड्याजवळ जाऊन टेकतो तो डेरिव्हेटिव्ह. अंतराच्या जागी वेग घेतला की तेच फळ्यावरचं डीव्ही बाय डीटी. एवढंच आहे ते, पण "एवढंच" हे कुणीतरी बसून सांगावं लागतं.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते टाइमटेबल. मॅथ्सच्या तासाला लिमिट आणि कंटिन्युइटी सुरू असते, आणि पुढच्याच तासाला फिजिक्समध्ये थेट इंटिग्रेशन, म्हणजे बारीक तुकड्यांची बेरीज. दोन वह्या, दोन सर, मधात पूल नाही. खरंतर कॅलक्युलस, म्हणजे हे डेरिव्हेटिव्ह-इंटिग्रेशनचं गणित, आणि गतीचं फिजिक्स, दोन्ही जन्मलेच एकत्र. १६६५ मध्ये प्लेगमुळे केंब्रिज बंद पडलं, न्यूटन आपल्या खेड्यात, वूल्सथॉर्पला, शेतकरी घरी परत आला, आणि बदलत्या गतीचा हिशोब करता यावा असं गणित त्याच काळात त्यानं उभं केलं. एक्सच्या बारीक तुकड्याला डीएक्स लिहायची पद्धत मात्र जर्मन गणिती लायब्निझची, ती १६८४ मध्ये छापून आली. जे एकत्र जन्मलं ते आपण वेगळं करून शिकवतो आणि मग म्हणतो पोरं कच्ची आहेत. पोरं कच्ची नाहीत हो.

[दृश्य: शेतातली विहीर, रहाट, दोर वर येतोय]

ही विहीर बघा. पाणी २० मीटर खाली, म्हणजे पासष्ट फूट. भरलेली बादली १० किलोची, आणि दोर जाड, मीटरला पाव किलो, म्हणजे २० मीटर दोर ५ किलोचा. बादली वर आणायला किती वर्क, म्हणजे जोर गुणिले अंतर, लागलं?

बारावीची सवय सांगते, पंधरा किलो गुणिले गुरुत्वाकर्षणाचे ९.८ गुणिले वीस मीटर, २९४० जूल. चूक. कारण बादली तळाशी असताना अख्खा दोर लटकतोय, अर्ध्यावर आली की अडीच किलोच उरतो, वर आली की दोर संपला, म्हणजे हाताला लागणारा जोर दर वितीला कमी होत जातो, हे ज्यानं पाणी शेंदलं त्याच्या खांद्याला माहीतच आहे. मग करायचं काय, दोराचा एक बारका तुकडा घ्यायचा, रहाटापासून एक्स खोलीवरचा, लांबी डीएक्स. त्याचं वजन पाव किलो गुणिले डीएक्स, आणि त्याला एक्स एवढंच वर यायचंय. ०.२५ गुणिले ९.८ गुणिले एक्स डीएक्स. असे सगळे तुकडे शून्यापासून वीसपर्यंत जोडले की एक्स वर्ग भागिले दोन, म्हणजे २००, आणि उत्तर ४९० जूल. बादलीचे १९६०. एकूण २४५०.

या उदाहरणात इंग्रजी किती लागलं? दहावीपर्यंत मराठी मिडीयम आणि नंतर सगळं इंग्रजी, ही अडचण खरीच आहे, मी ती नाकारत नाही, पण माझ्या मते खरा अडसर वेगळा आहे, पोरं आकृती काढत नाहीत आणि डीएक्सला हात लावून दाखवत नाहीत.

[दृश्य: कॉलेजची लॅब, भिंतीजवळ बार पेंड्युलम]

आता प्रॅक्टिकल. एक मीटरची लोखंडी पट्टी, अंतराअंतरावर भोकं, एकेका भोकातून नाइफ एजवर टांगायची, हलकेच झोका द्यायचा आणि २० ऑसिलेशनचा वेळ घ्यायचा. टोकाजवळच्या भोकात साधारण ३२ सेकंद. मधाकडे सरकत या, वेळ कमी होतो, आणि मग एकदम उलटं, सेंटरपासून १० सेंटीमीटरवर वेळ ३९ सेकंदांच्या घरात जातो. ग्राफ पेपरवर खोलगट कर्व्ह येतो. त्याचा तळ कुठे? टाइम पिरियडचा, म्हणजे एका झोक्याच्या वेळेचा, डेरिव्हेटिव्ह शून्य धरा, कागदावर उत्तर येतं सेंटरपासून २९ सेंटीमीटर, २० झोक्यांना जवळपास ३०.५ सेकंद. आणि लॅबमध्ये तळ तिथंच येतो. जर्नल उतरवून काढणाऱ्याला हे कधीच दिसत नाही, म्हणून माझं सांगणं, रीडिंग स्वतः घ्या, वाईट आली तरी चालतील.

वेळ नसतो, हेही खरं. सोयाबीन काढणी, मग कापूस वेचणी, आणि तेव्हाच इंटर्नल्स आणि सेमिस्टर. घरच्या कामाला नाही म्हणता येत नाही आणि म्हणूही नये. म्हणून ॲडमिशन झाल्या झाल्या, तास सुरू व्हायच्या आधी, थोडंसंच पक्कं करा. एक्सचा एनवा घात, साइन, कोसाइन, ईचा एक्सवा घात, यांचे डेरिव्हेटिव्ह आणि इंटिग्रेशन. आणि वेगाच्या ग्राफखालचं क्षेत्रफळ म्हणजे अंतर, हे ग्राफ पेपरवर चौकोन मोजून एकदा तरी बघा. अकरावीच्या फिजिक्सच्या पुस्तकात दुसऱ्याच धड्यात कॅलक्युलसची तोंडओळख दिलेली आहे, ते पुस्तक रद्दीत देऊ नका.

आणि आता व्हिडिओ थांबवून हे करा. तीच विहीर, तोच दोर, पण बादली फुटकी आहे, वर येईपर्यंत सारखी गळते, तळाशी १० किलो आणि वर आली तेव्हा ६. दोरासकट २०५८ जूल यायला पाहिजे. नाही आलं तर आकृती परत काढा आणि एक्स कुठून मोजलाय ते आधी तपासा.