श्वासनलिकेची एक स्लाइड

[दृश्य: मायक्रोस्कोपचा स्टेज. लो पॉवर.]

काचेच्या पट्टीवर अंगठ्याच्या नखाएवढी एक गुलाबी-जांभळी चकती आहे. माणसाच्या श्वासनलिकेचा हा आडवा छेद. जाडी साधारण 5 मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दोनशेवा भाग. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी अशा ढीगभर स्लाइड तुमच्या हाताखालून जातील. आज आपण ही एकच बघणार आहोत, कारण अभिस्तर (पृष्ठभाग झाकणारी), संयोजी (जोडणारी आणि आधार देणारी), स्नायू आणि चेता (नर्व्ह) या चारही मूळ ऊती हिच्यात आहेत.

आधी रंगांचं बघू. हा जांभळा रंग शरीरातला नाही. ऊतीचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात. मग चढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलमधून नेऊन त्यातलं पाणी काढतात, झायलीनमध्ये तो पारदर्शक करतात आणि वितळलेल्या पॅराफिन मेणात बसवतात. त्या मेणाच्या ठोकळ्याचे मायक्रोटोम या कापणीयंत्रावर पातळ छेद निघतात, ते कोमट पाण्यावर पसरवून काचेवर उचलायचे. मग येतात दोन रंग. हिमॅटॉक्झिलिन हे मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या गाभ्यापासून मिळतं. ॲल्युमिनियमच्या क्षाराची जोड मिळाली की ते केंद्रकाला धरतं आणि केंद्रक निळं-जांभळं दिसू लागतं. पेशीद्रव्य आणि कोलॅजन गुलाबी होतात ते इओसिनमुळे.

एवढ्या सगळ्या प्रक्रियेत बरंच काही निघूनही जातं. अल्कोहोल आणि झायलीन चरबी विरघळवून टाकतात. म्हणून चरबीची पेशी स्लाइडवर रिकाम्या गोलासारखी दिसते, तिचं केंद्रक कडेला दाबून बसलेलं असतं. स्लाइडवरची पांढरी जागा बघून पुढे जाऊ नका. तिथे आधी काय होतं, हा प्रश्न विचारा. माझ्या मते हिस्टॉलॉजीची, म्हणजे ऊतींच्या अभ्यासाची, निम्मी समज या एका प्रश्नात आहे.

[दृश्य: नळीची पोकळी. कडेकडे सरकत जाणारा कॅमेरा. हाय पॉवर.]

सुरुवात नेहमी पोकळीपासून करा. आतली मोकळी जागा सापडली की तिच्या काठावर अभिस्तर असणारच. इथे पेशी उंच आहेत आणि त्यांची केंद्रकं वेगवेगळ्या पातळ्यांवर दिसतात. पहिल्या नजरेत दोन-तीन थर आहेत असं वाटतं, पण थर एकच आहे. प्रत्येक पेशीचा तळ खालच्या आधारपटलाला टेकलेला आहे, फक्त प्रत्येक पेशी वरपर्यंत पोहोचत नाही. प्रात्यक्षिकाच्या वहीत, म्हणजे जर्नलमध्ये, यालाच तुम्ही स्यूडोस्ट्रॅटिफाइड सिलिएटेड कॉलम्नर एपिथेलियम असं लांबलचक नाव लिहिता. श्वासनलिकेत हे आधारपटल चांगलं जाड असतं. साध्या एच-अँड-ई (हिमॅटॉक्झिलिन आणि इओसिन) स्लाइडवरही एक फिकट गुलाबी रेघ दिसते, ती तेच.

आता पेशींचा माथा बघा. फोकसची बारीक चकती हळूच पुढे-मागे फिरवा, म्हणजे काठावरची केसाळ झालर स्पष्ट होईल. या सिलिया. एकेका पेशीवर दोनशेहून जास्त. जिवंतपणी त्या लयीत हलत असतात आणि धूळ चिकटलेला श्लेष्मा घशाकडे ढकलत नेतात. मध्येच एखादी पेशी फुगीर, वरून फिकट, जवळपास पोकळ वाटते. ती गॉब्लेट पेशी. श्लेष्मा या रंगांना नीट धरत नाही, म्हणून ती अशी. हीच चकती पीएएस रंगाने रंगवली तर तो फिकट भाग गडद किरमिजी होतो.

अनेक वर्षं सिगारेट ओढणाऱ्याच्या श्वासमार्गात हाच काठ ठिकठिकाणी बदललेला सापडतो. सिलिया असलेल्या उंच पेशी जातात आणि त्यांच्या जागी चपट्या पेशींचे अनेक थर येतात. याला स्क्वेमस मेटाप्लाझिया म्हणतात. चपटे थर धुराचा मारा जास्त सोसतात, पण श्लेष्मा वर ढकलायला मग कोणी उरत नाही. तो साचतो, आणि खोकून काढण्यावाचून इलाज राहत नाही. दुसऱ्या वर्षी पॅथॉलॉजीत हे पुन्हा भेटेल. आजचा निरोगी काठ डोळ्यांत पक्का बसला असेल, तर त्या दिवशी बदल आपोआप खुपेल.

छेदाची दिशाही ध्यानात असू द्या. भेंडी सरळ आडवी चिरली की चकत्या पडतात, तिरकी चिरली की लांबट तुकडे, उभी चिरली की बियांची रांग दिसते. भाजी तीच. एकेरी थर तिरका कापला गेला तर स्लाइडवर तो अनेक थरांचा वाटतो. शंका आली तर काठावरून पुढे सरका आणि जिथे तो थर सर्वांत पातळ दिसतो, तिथे निर्णय करा.

[दृश्य: काठाखालचा सैल भाग, ग्रंथी, मग मोठा निळसर पट्टा.]

काठाखाली संयोजी ऊती सुरू होते. पेशी विरळ, मधली जागा जास्त. ऊतकाचं वजन पेशींवर नाही, पेशींनी विणलेल्या तंतूंवर आहे, हे इथे दिसतं. याच भागात लहान रक्तवाहिन्या आहेत आणि त्यांत लाल रक्तपेशी. लाल पेशीचा व्यास सुमारे 7 मायक्रोमीटर असतो. कुठल्याही स्लाइडवर ही मोजपट्टी फुकट मिळते. शेजारची पेशी केवढी, हे तिच्याशी ताडून बघा.

पुढचा चकचकीत निळसर पट्टा कूर्चेचा, हायलाइन कार्टिलेज. श्वासनलिकेत अशा 16 ते 20 कड्या असतात, इंग्रजी सी अक्षरासारख्या, मागच्या बाजूने उघड्या. छोट्या खोबणींत दोन-दोन, चार-चार पेशी एकत्र बसलेल्या दिसतात. एकाच पेशीच्या विभाजनातून त्या झाल्या आहेत आणि भोवतालच्या घट्ट पदार्थामुळे लांब जाऊ शकल्या नाहीत. कूर्चेत कोलॅजन भरपूर असतं, तरी तंतू दिसत नाहीत, कारण त्यांचा अपवर्तनांक भोवतालच्या पदार्थासारखाच असतो. आणखी एक गोष्ट शोधून बघा: या पट्ट्यात रक्तवाहिनी सापडत नाही. पेशींना पोषण बाहेरून झिरपत येतं, आणि इजा झालेली कूर्चा नीट भरून येत नाही त्याचं मोठं कारण हेच.

[दृश्य: कडीची दोन टोकं आणि त्यांच्यामधली गुलाबी पट्टी.]

आता या स्लाइडवरची खरी कसोटी. स्पॉटिंगमध्ये, म्हणजे स्लाइड बघून ओळखायच्या परीक्षेत, सर्वांत जास्त मुलं जिथे अडखळतात ती जागा. गुलाबी, लांबट, समांतर असं काहीतरी दिसतं आणि तिथे तीन शक्यता असतात.

कूर्चेभोवतीचं वेष्टन, पेरिकाँड्रियम, हे दाट कोलॅजन. त्यात केंद्रकं थोडी, बारीक आणि चपटी, तंतूंच्या मध्ये दाबलेली असतात.

कडीच्या दोन टोकांना जोडणारी पट्टी हा ट्रॅकिॲलिस, अरेखित (आडवे पट्टे नसलेला) स्नायू. त्याचे तंतू आडवे धावतात, म्हणून आडव्या छेदात ते लांबीत कापले जातात. इथे केंद्रकं कितीतरी जास्त, लांबट, बोथट टोकांची, आणि मुख्य म्हणजे तंतूच्या आत, मधोमध. स्नायू आकुंचन पावलेला असेल तर ती मळसूत्रासारखी पीळ पडलेली दिसतात. खोकताना हाच स्नायू नळी अरुंद करतो आणि हवेचा झोत वाढवतो.

तिसरी शक्यता चेता. बाहेरच्या सैल आवरणात, चरबीच्या रिकाम्या गोलांच्या शेजारी, एखादा नागमोडी जुडगा सापडतो. तो थोडा फेसाळ दिसतो, कारण चेतातंतूंभोवतीच्या मायलिन या आवरणातली चरबीही विरघळून गेलेली असते. जुडग्याभोवती पेरिन्यूरियम या वेष्टनाची व्यवस्थित किनार असते. श्वासनलिका आणि अन्ननलिकेमधल्या खाचेतून दोन्ही बाजूंनी स्वरयंत्राकडे जाणारी रिकरंट लॅरिंजियल नर्व्ह चढते. थायरॉइडची शस्त्रक्रिया करणारे सर्जन तिला डोळ्यांत तेल घालून जपतात, कारण तिला धक्का लागला तर आवाज बसतो.

तेव्हा गुलाबी रंगावरून काही ठरवू नका. केंद्रक कुठे आहे, कसं आहे आणि किती आहेत, एवढं बघा. उत्तरपत्रिकेत ओळखीचे दोन मुद्दे मागतात, तेही यातूनच निघतात.

ऊती ओळखायचं हे काम मायक्रोस्कोपशिवायही एकाने केलं होतं. पॅरिसमध्ये झाव्हिए बिशा या शरीरशास्त्रज्ञाने शवविच्छेदन करून, ऊती उकळून, वाळवून, आम्लात घालून त्यांच्या 21 जाती वेगळ्या केल्या. 1802 मध्ये तो वारला तेव्हा अवघा 30 वर्षांचा होता. आपल्याकडे तर लेन्स आहे.

[दृश्य: चकतीची मागची बाजू. श्वासनलिकेला चिकटलेली अन्ननलिका.]

काही स्लाइडवर श्वासनलिकेच्या मागे अन्ननलिकाही आलेली असते. असेल तर तिच्या भिंतीतला बाहेरचा स्नायू हाय पॉवरवर बघा. आडवे पट्टे आणि कडेला सरकलेली अनेक केंद्रकं असतील तर तो रेखित स्नायू, आणि चकती अन्ननलिकेच्या वरच्या भागातून घेतलेली. केंद्रक एकच आणि मधोमध असेल तर अरेखित, म्हणजे छेद खालच्या भागातला. दोन्ही शेजारी-शेजारी दिसले, तर तुम्ही छातीत, अन्ननलिकेच्या मधल्या टप्प्यावर आहात.