सेंटरशिवाय गोल

(शटर वर जातं. मोटरचा आवाज स्थिरावला की निवेदन सुरू.)

वागळे इस्टेट, ठाणे. सकाळचे सव्वाआठ. मशीन चालू झालंय, पण पहिला अर्धा तास त्यावर एकही जॉब, म्हणजे घासायचा सुटा भाग, लागणार नाही. स्पिंडल, म्हणजे चाक फिरवणारा दांडा, गरम होऊ द्यायचा, कूलंट, म्हणजे थंडावा देणारं पाणी, फिरू द्यायचं. थंड मशीनवर लावलेलं माप दहा वाजेपर्यंत टिकत नाही.

१९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची सुरुवात याच वागळे इस्टेटमधून झाली. पुढे मोठ्या कारखान्यांच्या आधाराने असे छोटे गाळे उभे राहिले. या गाळ्यात तीन सेंटरलेस ग्राइंडर, म्हणजे धातू घासून गोल करणारी मशीन, आहेत. आपण आज एकासमोरच थांबणार आहोत.

लेथवर जॉब चकमध्ये आवळतात. साध्या सिलिंड्रिकल ग्राइंडरवर त्याला दोन्ही टोकांना सेंटर, म्हणजे टोकदार आधार, लागतात. इथे जॉबला कुणीच धरलेलं नाही. नीट बघा. डावीकडचं मोठं चाक म्हणजे ग्राइंडिंग व्हील, त्याचा काठ सेकंदाला सुमारे ३० मीटर वेगाने पळतोय. उजवीकडचं रबर बाँडचं कंट्रोल व्हील. ते मिनिटाला २०-३० मीटर, म्हणजे त्याच्या मानाने रांगतंय. दोघांच्या मधे खाली उभी पट्टी आहे, ती ब्लेड. तिची वरची कड कंट्रोल व्हीलकडे उतरती. आजचा जॉब, एक पिन, त्या कडेवर नुसती टेकलेली आहे. ग्राइंडिंग व्हील तिला भन्नाट फिरवू पाहतं, कंट्रोल व्हील तिला आपल्या चालीने फिरायला लावतं. या ओढाताणीत पोलाद घासलं जातं.

अमेरिकेत लुइस हाइम यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात ही पद्धत यंत्रात उतरवली. आज बेअरिंगचे रोलर, हायड्रॉलिक व्हॉल्व्हचे स्पूल, मोटरचे शाफ्ट असे कितीतरी जॉब याच पद्धतीने घासले जातात. आपल्यासमोर आहे ती गजन पिन, इंजिनातल्या पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणारी. व्यास २० मिलिमीटर, सूट, म्हणजे मापात चालणारा फरक, ५ मायक्रॉन. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पिन नुसती १० अंशांनी तापली तरी दोनेक मायक्रॉन फुगते. म्हणून हातात आलेली पिन लगेच मोजत नाहीत, टेबलावर निवू देतात.

(क्लोजअप: ब्लेडखाली पॅकिंगच्या पट्ट्या सरकवणारा हात.)

हा हात सेटरचा, म्हणजे मशीन लावून देणाऱ्याचा. गाळ्यात सगळे त्यांना काका म्हणतात. काका ब्लेडची उंची ठरवताहेत, आणि मला विचाराल तर या फिल्ममधलं सगळ्यात महत्त्वाचं दृश्य हेच आहे.

पिनचा मध्य दोन्ही चाकांच्या मध्यरेषेवर ठेवला तर काय होतं? पिनवरचा एखादा उंचवटा कंट्रोल व्हीलला टेकला की पिन तेवढीच ग्राइंडिंग व्हीलकडे ढकलली जाते, आणि बरोब्बर समोरच्या बाजूला तेवढाच खड्डा पडतो. उंचवटा तसाच राहतो. पिन तीन कोपऱ्यांची होत जाते आणि तरीही व्यास सगळीकडे सारखाच भरतो! ही बघा अशी एक पिन. मायक्रोमीटर लावा: २०.०००. फिरवून लावा: २०.०००. मायक्रोमीटर दोन समोरासमोरच्या बिंदूंनी मोजतो, त्याला ही लबाडी दिसत नाही. आता तीच पिन व्ही-ब्लॉकवर, म्हणजे V आकाराच्या खाचेत, ठेवून वरून डायल, म्हणजे काट्याचं मापयंत्र, लावली. फिरवा. काटा बघा.

(चार सेकंद निवेदन नाही. काटा डावीउजवीकडे झुलतो.)

अशी पिन पिस्टनच्या भोकात बसेल, पण सगळीकडून टेकणार नाही.

पिन मध्यरेषेच्या वर उचलली की उंचवटा आणि खड्डा समोरासमोर येत नाहीत, दर फेऱ्याला चूक थोडी थोडी विरत जाते. किती उचलायची? ठोकळ नियम पिनच्या निम्म्या व्यासाइतकी. जास्त उचलली तर पिन ब्लेडवर थडथडते आणि पृष्ठभागावर लाटा उमटतात. नियम पुस्तकात आहे. पण आजच्या मालाला, आजच्या व्हीलला तो किती वाकवायचा, ते काका आवाजावरून ओळखतात. ऐका. हा आवाज बरोबर आहे. आणि हा… नाही. दोन्हींतला फरक कळायला मला तीन दिवस लागले, काकांना मान वळवायचीही गरज पडली नाही.

आता कंट्रोल व्हील दोन-तीन अंश कललं. या कलामुळेच पिना एकामागून एक, ढकलल्याशिवाय पुढे सरकतात. याला थ्रू फीड म्हणतात. पण कललेलं चाक पिनला फक्त मधे टेकेल, म्हणून डायमंडने ते किंचित आत खोलगट ड्रेस करावं, म्हणजे तासावं, लागतं. डोक्याचा किंवा पायरीचा जॉब असेल तर तो असा आरपार जाणार नाही, त्याला चाक आत नेऊन प्लंजमध्येच घासतात.

दुधासारखं कूलंट, त्यातून एकेक चकाकती पिन बाहेर.

समोरच्या रस्त्याला जिथे शेड होत्या तिथे आता काचेच्या इमारती आहेत. शेजारचे दोन गाळे गेल्या वर्षी मुरबाडला गेले. काकांच्या हाताखाली सध्या एकच मुलगा शिकतोय.

तो मुलगा आता शेवटची पिन व्ही-ब्लॉकवर ठेवतोय. काटा जेमतेम एक घर सरकतो. काका बघतात आणि मान डोलावतात. पिना रस्ट ऑइलमध्ये बुडवून कागदात गुंडाळल्या जातात. टेम्पो चार वाजता येतो.