बंदूक जमा, गावठी कट्टा मोकाट

बंदुकीचे कायदे कडक केले तर सामूहिक हत्याकांडं थांबतील काय, असं लोक विचारतात. आधी आमच्याकडचं ऐका. इलेक्शन लागलं की बेळगावजवळच्या खानापूर भागात एक काम ठरलेलं. लायसनवाला शेतकरी गोणपाटात गुंडाळलेली बंदूक घेऊन पोलीस स्टेशनात येणार, रजिस्टरात नंबर चढणार, पावती खिशात. बंदूक तरी कसली, बऱ्याच जणांची ठासणीची, म्हणजे नळीत दारू घाला, छर्रे घाला, गजानं ठासा, मग एक बार निघणार, तोवर रानडुक्कर भात तुडवून शेजारच्या शिवारात पोचलेलं असतंय.

असल्या बंदुकीनं कोण गर्दीवर गोळीबार करणार, सांगा!

मग कायदा कडक करून हत्याकांडं थांबतात काय? ऑस्ट्रेलियाचं बघा. 1996 च्या एप्रिलात पोर्ट आर्थरला एकट्या माणसानं 35 जणांचा जीव घेतला, सरकारनं सेमी ऑटोमॅटिक, म्हणजे चाप ओढला की लगेच पुढची गोळी तयार असणाऱ्या रायफलींवर बंदी आणली आणि लोकांकडच्या साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका पैसे मोजून काढून घेतल्या. तेवढं मोठं हत्याकांड तिथं परत झालं नाही. पण 2025 च्या डिसेंबरात सिडनीच्या बाँडाय बीचवर गोळीबार झालाच, आणि तोही लायसनच्या बंदुकांनी.

तरी मला विचाराल तर कायद्यानं फरक पडतो. धडाधड गोळ्या सुटणारं हत्यार हातातच आलं नाही तर माथेफिरू किती जणांना मारणार? आपल्या 1959 च्या आर्म्स ॲक्टात ऑटोमॅटिक हत्यार सामान्य माणसाला मिळतच नाही, हे बरंच आहे.

आपलं दुखणं वेगळं हो. पुणे-बेंगळूर हायवे धरा. 2015 च्या फेब्रुवारीत कोल्हापुरात कम्युनिस्ट नेते गोविंद पानसरेंवर गोळ्या झाडल्या, ऑगस्टात धारवाडला कन्नड विचारवंत एम. एम. कलबुर्गींवर, 2017 ला बेंगळुरात पत्रकार गौरी लंकेशांवर, आणि ह्या रस्त्याच्या मधोमध आपलं बेळगाव. हे सामूहिक हत्याकांड नव्हे, मान्य. पण फॉरेन्सिकनं सांगितलं की कलबुर्गी आणि गौरी लंकेश दोघांना मारणारं पिस्तूल एकच, 7.65 एमएमचं, गावठी, म्हणजे चोरून घडवलेलं. दोन वर्षं ते कुणाच्या तरी घरात होतं आणि कुठल्याच रजिस्टरात नव्हतं.

2019 ला कायदा बदलला, लायसनवर तीनच्या जागी दोनच बंदुका. ज्याच्याकडं आज्ज्याची एकच आहे त्याला काय फरक पडणार? त्याच दुरुस्तीत बेकायदा हत्यारं बनवणाऱ्याला आणि विकणाऱ्याला कमीत कमी सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप केली, आणि खरं काम त्या कलमाचं आहे, फक्त त्यासाठी कट्टा गोळी सुटायच्या आधी सापडायला पाहिजे.