एकच युनिफॉर्म, दोन भाव

‘होरो मुसुको’ ही जपानी अॅनिमे, म्हणजे कार्टून सिरीज, कितीजणांनी पाहिलीय? हात वर करा बघू. बरं, तीन-चार. म्हणजे बाकीच्यांना स्टोरी सांगावी लागणार, आणि यात तसं फार काही घडतच नाही हा घोळ आहे. २०११ च्या जानेवारी ते मार्चमध्ये फुजी टीव्हीवर रात्री उशिरा लागायची, एकूण ११ एपिसोड, डायरेक्टर एइ आओकी, स्क्रिप्ट मारी ओकादाचं, आणि मूळ मांगा, म्हणजे जपानी कॉमिक, ताकाको शिमुराचा, तो २००२ पासून २०१३ पर्यंत चालला. शुइची निटोरी आणि योशिनो ताकात्सुकी, मिडल स्कूलला नुकतीच गेलेली दोन पोरं. निटोरीला घरीदारी सगळे मुलगा म्हणतात पण त्या पोराचा जीव मुलींच्या कपड्यांत, आणि ताकात्सुकीचं नेमकं उलटं. बस, एवढंच. मांगा पाचवीपासून सुरू होतो, अॅनिमेने तो भाग गाळून थेट मधेच उडी मारलीय, त्यामुळे पहिल्या एपिसोडला नावांचा नुसता भडिमार होतो, कोण कुणावर रुसलंय आणि का, काही पत्ता लागत नाही. चिकाटीने बघा, तिसऱ्यापर्यंत जमतं.

आता मला ज्यावर बोलायचंय ते म्हणजे युनिफॉर्म. जपानच्या शाळेत मुलांना गाकुरान, काळा, बंद गळ्याचा कोट, मुलींना स्कर्ट. चिझुरू साराशिना नावाची एक बिनधास्त उंच पोरगी आहे, ती सुरुवातीलाच गाकुरान घालून शाळेत हजर. का? तर वाटलं म्हणून. तिला काहीही सिद्ध करायचं नाहीये. आणि ताकात्सुकी तिच्याकडे बघत राहते, म्हणजे जे आपण इतकी वर्षं मनात दाबून ठेवलं ते हिने सहज चेष्टेत करून टाकलं! पुढे ताकात्सुकी स्वतः गाकुरान घालून जाते, थोडी कुजबुज होते, संपलं. मग निटोरीला वाटतं आपणही जावं, आणि ते पोर एक दिवस खरंच मुलींच्या युनिफॉर्ममध्ये शाळेत जातं. आणि आभाळ कोसळतं. वर्गात हशा, टीचर बाजूला घेतात, घरी फोन जातो, त्यानंतर निटोरीला वर्गात बसवेना, दिवस नर्सच्या खोलीत काढायचे. शाळा तीच, नियम तोच मोडलाय, पण पँट घालणारी पोरगी ‘डॅशिंग’ आणि स्कर्ट घातला की डोक्यावर परिणाम झालाय! सिरीज यावर एक शब्द बोलत नाही, भाषण नाही, रडकं म्युझिक नाही, नुसत्या दोन्ही गोष्टी जवळजवळ ठेवते. मला विचाराल तर अख्ख्या ११ एपिसोडमध्ये याच्या तोडीचं दुसरं काही नाही.

आणि हे फक्त कार्टूनमधलं नाही बरं का. जपानमध्ये कागदोपत्री जेंडर बदलायचा कायदा २००३ चा, पण त्यात सज्ञान असण्याची अट, शाळकरी पोरांना त्याचा काय उपयोग? अशा मुलांना सांभाळून घ्या, कपड्यांचं वगैरे बघा असं शिक्षण मंत्रालयाने शाळांना सविस्तर लिहून कळवलं ते २०१५ मध्ये, म्हणजे सिरीज येऊन गेल्यावर. आता बऱ्याच शाळांत मुलींना पँट चालते. स्कर्ट मागणाऱ्या मुलाला आजही किती धीर लागत असेल, विचार करा.

मकोबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाणार नाही. माकोतो आरिगा, निटोरीचा मित्र, चष्मा, चेहऱ्यावर ठिपके. त्यालाही मुलगीच व्हायचंय, पण याची फिकीर वेगळी, निटोरी निदान दिसायला गोड आहे, माझं काय? म्हणजे इथेसुद्धा रूपाचा हिशोब सुटत नाहीच. शाळेच्या फेस्टिव्हलला रोमिओ-ज्युलिएट बसवतात, मुलगे बाई आणि मुली पुरुष, निटोरीचा ज्युलिएटच्या रोलवर डोळा असतो, आणि तो मिळतो मकोला! मला इतका आनंद झाला होता ना, काय सांगू.

निटोरीचा आवाज कुणा मोठ्या बाईने दिलेला नाही, जपानमध्ये लहान मुलांना बहुतेक बायकाच आवाज देतात, इथे मात्र कोसुके हाताकेयामा या किशोरवयीन मुलाला घेतलं. शेवटी निटोरीचा आवाज फुटायला लागतो तेव्हा कानाला ते खोटं वाटत नाही. एकीकडे पोर ठरवतंय आपण कोण, आणि शरीर काही थांबायला तयार नाही.

आणि हो, नेहमी विचारतात, मग शेवटी ठरतं काय? अॅनिमे तिथपर्यंत जातच नाही, ११ एपिसोडांत जाणार कुठे, त्यात टीव्हीवर दहावा आणि अकरावा कापून एक केले होते, पूर्ण हवे तर डिस्कवरचे बघा. मांग्यात, १५ भाग आहेत, पोरं हायस्कूलला जातात, निटोरी मुलगी म्हणूनच जगायचं ठरवते, आणि ताकात्सुकीची मुलगा व्हायची ओढ हळूहळू ओसरते. काही फॅन्स यावर जाम चिडले, त्यांना दोघांची गाडी एकाच स्टेशनला लागायला हवी होती. मला नाही खटकलं. बारा-तेराव्या वर्षी दोघांनी एकमेकांचे कपडे मागून घातले म्हणून पुढे दोघांचं सारखंच व्हावं असं कुठेय? चला, आता प्रश्न घेऊ, मागच्या रांगेपासून सुरू करा.