वेगळी लोंबी

(तालुक्याच्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेत दिलेलं भाषण, थोडं नीटनेटकं करून.)

नमस्कार मंडळी. वाचनालयाची पत्रिका घरी आली तेव्हा त्यावर माझ्या नावापुढे विषय छापला होता, ‘दैनंदिन जीवनातील सर्जनशीलता’. मी लगेच फोन केला. म्हटलं, अहो, मी चित्रकलेचा मास्तर. एवढा जड शब्द तीस वर्षांत वर्गात एकदाही तोंडातून निघाला नाही. पलीकडून उत्तर आलं, सर, आता छापून झालंय. तर छापून झालंय म्हणून बोलतो.

सुरुवात म्हशीपासून करतो.

सातवीची वार्षिक परीक्षा होती. स्मरणचित्राला विषय दिला होता ‘माझा आवडता प्राणी’. रात्री गठ्ठा घेऊन बसलो. मोर, ससा, कुत्रा, पुन्हा मोर. सगळे मोर एकाच बाजूला तोंड करून उभे, कारण सगळे एकाच पाठ्यपुस्तकातून आलेले. मधेच एक कागद असा आला की त्यावर काय काढलंय तेच कळेना. खालच्या अर्ध्या भागात काळाभोर रुंद ढिगारा. त्याच्या वरच्या टोकाला दोन वाकडी शिंगं, शिंगांखाली आडव्या पानांसारखे दोन कान. भोवती सगळीकडे निळं पाणी. पाय नाहीत, डोळे नाहीत, शेपूट नाही. मी कागद उलटा करून पाहिला, आडवा करून पाहिला. मग लाल पेनाने शेरा लिहिला, ‘पाय कुठे? चित्र अपूर्ण.’ दहापैकी चार मार्क दिले आणि पुढचा मोर तपासायला घेतला.

तो मुलगा शाळा सुटली की म्हशी घेऊन बोडीवर, म्हणजे गावच्या लहान तळ्यावर जायचा. हे मला माहीत होतं, रोज दिसायचा. तरी माझ्या डोक्यात उजेड पडायला सात-आठ वर्षं लागली. एकदा बोडीच्या पाळीवरून येत होतो. एक पोरगं म्हशीच्या पाठीवर बसून पाण्यात उतरत होतं. मी सायकल थांबवली. त्या पोराला त्या क्षणी काय दिसत असेल? काळी पाठ, दोन शिंगं, दोन कान, भोवती पाणी. पाय पाण्याखाली, तोंड पलीकडे. माझ्या विद्यार्थ्याने म्हैस काढली नव्हती असं नाही. त्याने ती जिथून पाहिली तिथून काढली होती. पन्नास कागदांत तेवढा एकच माणूस स्वतःच्या जागेवर बसून बघत होता आणि मी त्याला नापासाच्या काठावर नेऊन ठेवलं.

आता याच गोष्टीची दुसरी बाजू. तुमच्यातले बरेच जण एचएमटी तांदूळ खातात. तो आला कुठून? आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यातून, नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावातून. मराठवाड्यातलं नांदेड नव्हे. हे बाहेरगावच्या पाहुण्यांना दरवेळी सांगावं लागतं. तिथले दादाजी रामाजी खोब्रागडे. शिक्षण तिसरीपर्यंत, जमीन दीडेक एकर. 1983 साली त्यांच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, पटेल-3 नावाचं धान होतं. त्या उभ्या पिकात त्यांना दोन-तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. दाण्याचा रंग वेगळा, पिवळसर.

इथे थांबून बघा. धान लावणाऱ्याला विचारा, पिकात वेगळं झाड दिसलं तर काय करता? तो म्हणेल, भेसळ आहे, उपटून टाकतो. आणि त्याचं चूक नाही. बियाण्याचं धान असेल तर भेसळ उपटावीच लागते, ते कामच आहे. खोब्रागड्यांनी ती लोंबी उपटून फेकली नाही. वेगळी ठेवली. पुढच्या हंगामात ती बांधीत एका बाजूला लावली आणि रानडुकरांनी खाऊ नये म्हणून भोवती काट्यांचं कुंपण घातलं. जेवढं बी निघालं त्यातून निवडून पुन्हा लावलं. पुन्हा निवडलं. आपल्याकडे धान वर्षातून एकदाच होतं, म्हणजे पाच वर्षांत पाचच संधी. धानाचं परागीभवन स्वतःच्याच फुलात होतं, त्यामुळे वेगळ्या झाडाचं बी बरंचसं त्याच्यासारखंच उगवतं. पण ते खरंच स्थिर झालं का, हे हंगामामागून हंगाम बघितल्याशिवाय कळत नाही. दाणा बारीक निघाला, भात चांगला झाला, आजूबाजूचे लोक बी मागायला लागले. व्यापाऱ्यांनी विचारलं, वाणाचं नाव काय? नाव नव्हतंच. त्या काळी एचएमटीचं घड्याळ मनगटावर असणं म्हणजे रुबाब. तेच नाव धानाला चिकटलं. पुढे हे धान महाराष्ट्राबाहेर छत्तीसगड, मध्य प्रदेश, आंध्रापर्यंत गेलं. खोब्रागड्यांनी आणखीही वाण काढले, नांदेड चिन्नोर, डीआरके असे. 2005 मध्ये राष्ट्रपती अब्दुल कलामांच्या हस्ते त्यांना राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार मिळाला, 2010 मध्ये ‘फोर्ब्स’ मासिकाच्या यादीत नाव आलं. पैसा मात्र आला नाही. जून 2018 मध्ये ते गेले तेव्हाही घरची ओढाताण संपलेली नव्हती. तो विषय वेगळा आहे, त्यावर वेगळं व्याख्यान ठेवा आणि वक्ता दुसरा बोलवा, कारण मला राग आवरत नाही.

मला आज त्या दोन-तीन लोंब्यांवरच बोलायचंय. त्या दिसल्या कशा?

अनेक जण म्हणतात, पोरांना मोकळं सोडा, नियम लावू नका, आपोआप कल्पना फुटतील. मला हे अर्धंच पटतं. शहरातल्या पाहुण्याला त्या बांधीत उभं करा. त्याला सगळं हिरवं-पिवळंच दिसेल. पिवळसर दाण्याची लोंबी वेगळी आहे हे त्यालाच दिसतं ज्याने रोपांसाठी पऱ्हे टाकण्यापासून चुरण्यापर्यंत, म्हणजे मळणीपर्यंत, तेच धान वीस वर्षं हाताळलंय. नेहमीचं पाठ असल्याशिवाय वेगळं नजरेत भरत नाही.

जात्यावरच्या ओव्या घ्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्याखेड्यांतून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. ज्या बायांकडून केल्या त्यांतल्या बहुतेकींनी शाळा पाहिली नव्हती. ओवीचा साचा ठरलेला. दोनच ओळी, शेवटाला यमक, आणि चाल जात्याच्या फेऱ्याला बांधलेली. खुंटा फिरतोय तोवर ओळ संपली पाहिजे. माझी आजी पहाटे दळायला बसायची. मला आठवतं, एकच ओवी ती सोमवारी भावाच्या नावाने म्हणायची आणि गुरुवारी त्याच जागी शेजारणीच्या सासूला बसवायची. यमक जुळलं नाही तर दोन-चार फेरे नुसतंच गुणगुणायची, मग एकदम शब्द सापडायचा आणि तिची तीच हसायची. पहाटे चार वाजता, अंधारात, एकटी. साचा जुना, त्यात एक शब्द नवा. तेवढ्यासाठी आधी शेकडो ओव्या तोंडपाठ असाव्या लागतात.

म्हणून मुलांकडून अभ्यास करून घेण्याच्या मी विरोधात नाही. वस्तुचित्रात घागर काढताना तिचा काठ लंबवर्तुळ दिसतो, गोल दिसत नाही, हे शंभर घागरी काढल्यावरच हातात बसतं. माझी तक्रार दुसरीच आहे. आपण मुलांना बघायचा सराव देत नाही, उत्तराचा देतो. ‘निसर्गचित्र काढा’ म्हटलं की आपल्या भागातलं पोरगंही दोन त्रिकोणी डोंगर काढतं, मधून सूर्य, खाली नदी, बाजूला नारळाचं झाड, आकाशात मराठी चारच्या आकड्यासारखे पक्षी. अरे, आपल्याकडे नारळ कुठाय? सूर्य मोहाच्या झाडामागून वर येतो. पण चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला तेच काढलं की मार्क मिळतात असं कुणीतरी सांगितलेलं असतं. ते कुणीतरी बहुतेक मीच असतो.

आता दुसरी गोष्ट, काट्यांच्या कुंपणाची. खोब्रागड्यांनी पूर्ण बांधी त्या लोंबीवर लावली नाही. पोट ज्यावर आहे ते धान तसंच ठेवलं आणि वेगळ्या बियाला एक कोपरा दिला. फसलं असतं तर चार मुठी धान गेलं असतं.

हे मला शाळेत नीट समजलं ते काड्यापेटीमुळे. अरविंद गुप्ता हे नाव शिक्षकांना माहीत आहे. आयआयटीत शिकलेले अभियंते, पुण्यात टेल्को या ट्रक बनवणाऱ्या कंपनीत नोकरी. 1978 मध्ये मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे, म्हणजे बारीक रबरी नळीचे, तुकडे काड्यांच्या टोकांना बसवून आकार बनवायला लागले. मी एका प्रशिक्षणात ते पाहिलं आणि वर्गात करून पाहिलं. चार काड्या घ्या, टोकं व्हॉल्व्ह ट्यूबने जोडा, चौकोन होतो. बोटाने ढकला, तो लगेच तिरका पडतो. तीन काड्यांचा त्रिकोण करा आणि ढकला. हलत नाही. एका मुलीने हे करून झाल्यावर खिडकीबाहेर बघितलं आणि ओरडली, सर, विजेच्या टॉवरमध्ये सगळे तिरपे दांडे आहेत! तो टॉवर ती पहिलीपासून बघत होती.

महागडं साहित्य दिलं असतं तर असं झालं नसतं, असं मला वाटतं. आमच्या शाळेत एकदा विज्ञानाची चकचकीत पेटी आली. मोडेल म्हणून ती कपाटात कुलूपबंद राहिली. किल्ली ज्यांच्याकडे होती ते बदलून गेले. काडी मोडली तर काय, दुसरी घ्या. चुकायला पैसे पडत नसले की माणूस चुकायला धजतो.

आता कामाच्या ठिकाणाचं सांगतो. आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशी होत्या. रोजची अडचण एकच. कधी खिचडी उरायची, कधी शेवटच्या रांगेतल्या पोरांना कमी पडायची. हजेरीचा आकडा त्यांना मिळायचा साडेअकराला आणि तांदूळ चुलीवर चढवायचा दहाला. मावशींनी कुणाला न विचारता स्वयंपाकखोलीच्या भिंतीवर कोळशाने रेघा ओढायला सुरुवात केली. एका वारासाठी एक ओळ, जेवढी पोरं जेवली तेवढ्या रेघा, दर दहाव्या रेघेला आडवी काट. दोनेक महिन्यांत त्यांना कळलं की बाजाराच्या दिवशी पोरं कमी असतात, धानाची रोपं लावायच्या म्हणजे रोवणीच्या दिवसांत मोठ्या वर्गातल्या मुली येत नाहीत, आणि शनिवारी सगळे येतात. त्याप्रमाणे त्या तांदूळ मोजायला लागल्या. खिचडी उरणं जवळजवळ बंद झालं. मी ती भिंत पाहिली होती. एवढं सुंदर चित्र त्या शाळेत दुसरं नव्हतं.

मग वरून साहेब तपासणीला येणार असं कळलं. भिंती काळ्या झाल्यात म्हणून सुट्टीच्या दिवशी सगळ्या खोल्यांना चुना मारला. मावशी सोमवारी आल्या, भिंतीकडे पाहिलं आणि तांदूळ निवडायला बसल्या. एक शब्द बोलल्या नाहीत. पुन्हा रेघाही ओढल्या नाहीत. चुना मारणाऱ्यांत दुष्ट कुणी नव्हतं. ब्रश धरायला मीही होतो.

निवृत्तीच्या आधीची सहा वर्षं मी एक केलं. वर्गात पुठ्ठ्याचं एक खोकं ठेवलं आणि त्यावर ‘नंतर बघू’ असं लिहिलं. तपासताना जे चित्र मला कळलं नाही त्याला मार्क न देता त्या खोक्यात टाकायचो. पंधरा दिवसांनी काढून त्या मुलाला विचारायचो, हे काय आहे रे? अर्ध्याहून अधिक वेळा उत्तर यायचं, काही नाही सर, घाईत काढलं. म्हणजे ती खरंच भेसळ होती. पण एकदा एका पोराने कागदभर नुसते तिरपे पट्टे काढले होते. विचारलं तर म्हणाला, कुडाच्या भिंतीतून सकाळी ऊन आत येतं ते आहे. एका मुलीने घराचं चित्र काढलं त्यात दार इतकं बुटकं की मांजरही वाकून जाईल. ती म्हणाली, आबा वाकून आत येतात ना, म्हणून. हेडमास्तरांनी विचारलं, मार्कलिस्ट का अडली? मी म्हटलं, काही कागदांचा निकाल राखून ठेवलाय. ते चिडले. त्यांचंही बरोबर होतं. त्यांना वर आकडे पाठवायचे होते.

घरी असं खोकं ठेवायला काय हरकत आहे, असं मी सुनेला म्हटलं होतं. ती म्हणाली, बाबा, घरात आधीच ‘नंतर बघू’चेच ढीग आहेत. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

वेळ संपत आली, समोरून चिठ्ठी आलीय. म्हशीवाल्या मुलाचं राहिलं. दोन वर्षांपूर्वी तो भेटला. आता ट्रॅक्टर चालवतो, दुसऱ्यांच्या बांधीत चिखलणी करून देतो. मी त्याला थांबवलं आणि सगळं सांगितलं. चित्र, लाल पेन, बोडी, इतक्या वर्षांनी मला कसं कळलं ते. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. त्याला काहीच आठवत नव्हतं. म्हणाला, “तुम्ही चार मार्क देले म्हणजे चित्र खराबच असन ना, सर.” आणि ट्रॅक्टर सुरू केला.

मागच्या टेबलावर काड्यापेट्या आणि व्हॉल्व्ह ट्यूब कापून ठेवली आहे. चहा येईपर्यंत ज्यांना हात चालवायचाय त्यांनी या. काड्यांची गुलं आधीच काढली आहेत, पोरांनाही आणा.