स्क्रीनशॉट आपल्या फोनमधला, पण त्यातलं चित्र कुणाचं?

नमस्कार श्रोतेहो.

हापूसचा हंगाम लागला की बागायतदारांच्या वेबसाइटवर वाशी बाजारातल्या भावांचे स्क्रीनशॉट दिसू लागतात. पावसाळ्यात हवामान खात्याचे नकाशे येतात, गणपतीच्या तोंडावर चाकरमान्यांसाठी रेल्वेचं वेळापत्रक. होमस्टेवाल्यांकडे तर बाराही महिने बुकिंगच्या साइटवरचे अभिप्राय असतात. बटण आपण दाबतो, पण तेवढ्याने आत दिसणारा मजकूर आपला होत नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या नजरेत स्क्रीनशॉट म्हणजे दुसऱ्याच्या कामाची प्रत.

तारकर्लीच्या एखाद्या होमस्टेचं बुकिंगच्या साइटवरचं पान डोळ्यांसमोर आणा. वर कंपनीचा लोगो, तो तिचा ट्रेडमार्क. त्याखाली खाडीचा फोटो, तो बहुधा काढणाऱ्याचा. मग पर्यटकाने लिहिलेला अभिप्राय, तो त्या पर्यटकाचा. बाजूला नकाशा, तो नकाशा कंपनीचा. म्हणजे एका चित्रात चार मालक. साइटकडे फोटो आणि अभिप्राय दाखवण्याची फक्त परवानगी असू शकते. त्यामुळे साइटने ‘वापरा’ म्हटलं तरी फोटोचा प्रश्न सुटेलच असं नाही. आणखी एक गोष्ट होमस्टेवाल्यांनी ध्यानात ठेवावी. तुम्ही पैसे देऊन फोटोग्राफरकडून घराचे फोटो काढून घेतले आणि वेगळा करार केला नाही, तर त्या फोटोंचे पहिले मालक तुम्ही. पाहुण्याने हौसेने काढलेला तुमच्याच अंगणाचा फोटो मात्र त्याचा.

त्या पानावर राहिले खोलीचे दर आणि चेक-इनची वेळ. ही नुसती माहिती, तिच्यावर कुणाचा कॉपीराइट नसतो. पेटीचा भाव, भरती-ओहोटीच्या वेळा, गाडीची वेळ, हे आकडे आपल्या शब्दांत, आपल्या तक्त्यात टाइप करा आणि कुठून घेतले ते लिहा. माझ्या मते निम्म्याहून अधिक वेळा स्क्रीनशॉटची गरजच नसते. टाइप केलेला तक्ता लहान फोनवर नीट वाचता येतो आणि शोधात सापडतोही.

चित्र दाखवल्याशिवाय मुद्दा कळणार नसेल, तर कायद्याचं कलम 52 मदतीला येतं. टीका, समीक्षा किंवा चालू घडामोडींचं वृत्त यांसाठी उचित वापराला मुभा आहे. उचित म्हणजे किती? दहा टक्के चालतात, अमुक ओळी चालतात, असं कायद्यात कुठेही नाही. 1996 मध्ये केरळ उच्च न्यायालयाने सिविक चंद्रन या नाटककाराच्या खटल्यात तीन गोष्टी पाहिल्या: आपल्या टीकेच्या मानाने किती आणि काय घेतलं, कशासाठी घेतलं, आणि मूळ कामाशी स्पर्धा होण्याची शक्यता किती. एखाद्या साइटने तुमच्या गावाचा रस्ता चुकीचा दाखवला, तर तेवढाच तुकडा दाखवून चूक समजावून सांगा. पण कुणाचा अख्खा लेख चित्र म्हणून लावून वर ‘छान माहिती’ लिहिलं, तर ती टीकाही नाही आणि समीक्षाही नाही. वाचक मूळ लेखाकडे जाण्याचं कारणच उरत नाही.

‘सौजन्य: गूगल’ लिहिणं तर अगदीच चूक. गूगल शोधून देतं, फोटो दुसऱ्याचा असतो. आणि खरं नाव दिलं तरी ते श्रेय झालं, परवानगी नव्हे. परवानगी लेखीच घ्या, ईमेलवर. कोणत्या पानाचा कोणता भाग, कुठे आणि किती काळ वापरणार, ते स्पष्ट लिहा. मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. वेबसाइट जगभर दिसते, म्हणून ‘जगभर’ हा शब्द विसरू नका.

सरकारी साइटवर तळाशी ‘कॉपीराइट धोरण’ असतं, ते उघडून वाचा. बरीचशी खाती मजकूर मोफत वापरू देतात, पण आधी ईमेल करा, मजकूर जसाच्या तसा घ्या, स्रोत ठळक द्या, अशा अटी असतात. तिथे इतरांचं साहित्य असेल तर ही सवलत त्याला लागू नसते. नकाशाच्या कोपऱ्यात कंपनीचं नाव बारीक अक्षरांत असतं, ते कापू नका.

आता चित्र काढताना. हवा तेवढाच भाग कापा, खाली पानाचं नाव, दुवा आणि तारीख लिहा, कारण पान उद्या बदलू शकतं. अभिप्राय देणाऱ्याचं नाव, चेहरा, फोन नंबर झाका. फोनमधल्या मार्करने खरडून भागत नाही. त्याची शाई पुष्कळदा अर्धपारदर्शक असते, उजेड वाढवला की आकडे दिसतात. भरीव काळा चौकोन ठेवा. 2023 मध्ये तर गूगलच्या पिक्सेल फोनच्या स्क्रीनशॉट साधनात दोष सापडला, कापलेला भाग फाइलमध्येच शिल्लक राहत होता. म्हणून फोनचं सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवा.

एवढं करूनही कुणाची हरकत आली, तर आधी चित्र उतरवा, मग उत्तर लिहा. लेखातून काढलेलं चित्र साइटच्या फाइल साठ्यात तसंच पडून असतं आणि थेट दुव्याने उघडतं. तिथूनही ते पुसा, आणि मग तो जुना दुवा खाजगी विंडोमध्ये एकदा उघडून पाहा.