सेकंदाला 40 क्लिक

मेंदूतले विजेचे सिग्नल टिपणारी ही ईईजीची टोपी बघून आधी आमच्या कॅमेरामनलाच हसू आलं. पोहायच्या टोपीसारखीच, फक्त सगळीकडे भोकं, आणि एकेका भोकात सिरिंजने जेल भरत बसायचं, 64 इलेक्ट्रोड, म्हणजे सिग्नल पकडणाऱ्या छोट्या चकत्या, लावायचे म्हणजे पाऊण तास सहज जातो. एका व्होल्टचे दहा लाख भाग केले तर त्यातले जेमतेम दहा-वीस, एवढासा सिग्नल, त्यामुळे साधे दात आवळले तरी स्क्रीनवर नुसता कचरा. हे बघा, टोपी घातलेल्या मुलाने आवळले.

हा मुलगा स्किझोफ्रेनियाचा, म्हणजे नसलेले आवाज ऐकू येण्यासारखे भास होणाऱ्या मानसिक आजाराचा, पेशंट नाही बरं का, व्हॉलंटिअर आहे. पेशंटला कॅमेऱ्यासमोर बसवायचं नाही हे आमचं आधीच ठरलं होतं.

आणि हा जुना फोटो हान्स बर्गरचा, जर्मनीतल्या येनाचा मानसोपचारतज्ज्ञ. तरुणपणी सैन्यात असताना घोड्यावरून पडला, मरता मरता वाचला, आणि त्याच दिवशी घरून तार आली, लांब गावी बहिणीला उगाचच वाटलेलं की भावाचं काहीतरी झालंय! झालं, एकाच्या मनातलं दुसऱ्याला कळतं कसं, याच्याच मागे लागला हा माणूस. ते काही सापडलं नाही, पण 1924 मध्ये माणसाच्या मेंदूच्या लहरी पहिल्यांदा कागदावर उतरल्या. छापल्या मात्र 1929 मध्ये, स्वतःचाच विश्वास बसेना.

आता हेडफोन. सेकंदाला 40 क्लिक, ऐकायला नुसती घरघर वाटते, पण स्क्रीनवर बघा, मेंदूनेही तोच ठेका धरलाय. 1999 मध्ये बोस्टनच्या एका टीमने 20, 30 आणि 40 क्लिक ऐकवून बघितले, स्किझोफ्रेनियाच्या पेशंटचा ठेका 40 वर कमी पडला. पुढे पहिल्यांदाच ॲडमिट झालेल्यांमध्येही तेच दिसलं, म्हणजे वर्षानुवर्षं आजारात काढल्यामुळेच हे होतं असं म्हणायची सोय नाही.

हा भजनाचा शॉट मुद्दाम घेतलाय. पखवाज ढिला पडला की टाळ कसे विखुरतात ऐका. मेंदूतही इतर पेशींना वेळेवर थोपवून ठेका धरणाऱ्या पेशी असतात, आणि संशोधकांचा संशय त्यांच्यावरच आहे, आईने कसं वाढवलं यावर नाही, बाहेरच्या बाधेवर तर नाहीच नाही.

या टेस्टवरून अजून निदान करत नाहीत, पण विशीच्या आसपास भास सुरू झाले तर देवऋषाकडे जाण्यात वेळ घालवू नका, उपचार लांबले की आजार जड जातो.

टोपी निघाली. केसातलं जेल धुवायला मात्र शाम्पू दोनदा लागला.